पाटीची मागची बाजू

तपकीर गल्लीच्या तोंडाशी माझं दुकान, सहा बाय नऊ.
पितळी पाट्या, रबरी शिक्के,
लग्नाच्या ताटांवर नावं.
एकोणतीस वर्षांत किती साहेब कोरले
मोजलं नाही. पुसले किती, तेही.

आज सकाळी बिडवे शिपाई आला,
पिशवीत जुनी पाटी, खिशात नवा कागद.
"अर्जंट आहे. साडेचारला साहेब खुर्चीत बसणार,
मुहूर्त काढलाय."

श्री. हेमचंद्र रामभाऊ कुदळे
उपाध्यक्ष, हवामान बदल कृती मंडळ
राज्यमंत्री दर्जा

कुदळ्यांना ओळखतो मी.
तिकीट हुकलं तेव्हा तीन दिवस फोन बंद होता त्यांचा.
धायरीच्या पलीकडे खडीच्या दोन खाणी,
तिथली पाटीही माझीच:
'येथे डोंगर बारीक करून मिळेल'...
नाही, तसं नव्हतं लिहिलं.
'कुदळे स्टोन क्रशर' एवढंच.

फोनवर म्हणाले, "दर्जा जरा ठसठशीत घ्या.
आणि ते 'बदल' काढता येतंय का बघा,
बसायच्या आधीच बदल कशाला?
ऊन काय आजचं आहे होय?
आमचे वडील चैत्रात अनवाणी खडी फोडायचे."
हे सांगताना आवाज जरा खाली आला त्यांचा.

मी बदल काढला.
आमच्याकडे अक्षरामागे पैसे, अर्थामागे नाहीत.

तरी 'हवामान' एका ओळीत बसेना,
दर्जानं जागा खाल्लेली.
शेवटी शब्द तोडला:
वर हवा,
खाली मान.
बिडवे लांबून बघत म्हणाला, "शोभतंय की."

जुनी पाटी मी उलटी करून वापरतो.
पितळ परवडत नाही, आणि
दार तेच, भोकं तीच, स्क्रू तेच.
मागे गेलं ते नाव
डॉ. सुलभा टिळेकर.
शिवाजीनगरच्या वेधशाळेतून इकडे पाठवलेल्या.
सात महिने बदल, बदल म्हणत राहिल्या,
मग बदली झाली.
एका वेलांटीचं काम,
कोरायला मला अर्धा मिनिट लागतो.

पाटी न्यायला स्वतः आल्या होत्या, रिक्षाने.
"शाई वाळायला किती वेळ?"
मी वही काढली.
भरल्याची वेळ, वाळल्याची वेळ,
आधी वडिलांच्या अक्षरात, मग माझ्या.
एप्रिलची पानं त्यांनी एकेक करून लावली:
चार तास. पावणेचार. सव्वातीन.
एक वर्ष परत साडेतीन.
मग अडीच.

"शाईची कंपनी बदललीत मध्ये?"
नाही बाई, तोच डबा.
"पंखा?"
पंखाही तोच, ऐका ना, कसा खरखरतोय.
तासभर उभ्या राहून पेन्सिलीने उतरवून घेतलं सगळं.
"हा पुरावा नाही म्हणता येणार," म्हणाल्या,
"पण..."
आणि पुढचं पान उलटलं.

कुदळेसाहेब वही बघायला येणार नाहीत.
का यावं? त्यांना पाटी हवी होती.

बिडव्याला पावती हवी, आठशे जास्तीची.
लिहून देतो.
अक्षरांवरून बोट फिरवतो, बोट कोरडं.
थोड्या वेळाने हे दारावर लागेल,
बाईंचं नाव लाकडाकडे तोंड करून.

वही उघडतो.
नऊ एप्रिल. काळी शाई. दोन तास पाच मिनिटं.
शेवटचा रकाना शेरा.
वडील तिथे 'ठीक' लिहायचे,
दरवेळी, न चुकता, खाली एक रेघ ओढून.

पेन टेकवून बसलोय.
बिडवे म्हणतो, "आटपा हो,
खाली गाडी चालू ठेवलीय,
एसी बंद केला तर साहेब चिडतात."